फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातली नदी

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा आता पाचवीत जाणार. "ताई, तुझ्या शाळेत घालावं म्हणतोय आम्ही. दर्जा कसा हाय गं तिथला? म्हणजे इंग्लिश चांगलं होतंय न्हवं?" मी म्हटलं, "होतंय की." तिला बरं वाटलं. फी, रिक्षा, डबा अशा दोन-चार गोष्टी विचारून तिनं फोन ठेवला.

मी मात्र त्या 'होतंय'पाशीच अडकले. ज्या शाळेत दहा वर्षं काढली तिचं मोल मी एका शब्दात उरकलं होतं. त्या शाळेनं मला काय दिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत काय चुकीचं केलं, यातलं काहीच तिला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही हे खरं. पण मला माहीत असून मी बोलले नाही, हेही खरंच. म्हणून हे लिहिते आहे.

शाळा कॅथलिक. कोल्हापुरात 'मिशनची शाळा' म्हटलं की जुन्या माणसांना अमेरिकन मिशन आठवतं. १८५२ साली रॉयल वाइल्डर इथं आले, त्यांच्यापासून ते काम सुरू झालं; ती मंडळी प्रॉटेस्टंट. फादर आणि सिस्टर लोकांच्या शाळा इथं पुष्कळ नंतरच्या. आमची शाळा सिस्टरांची होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रार मांडायची आहे, आणि ती काही एकाच शाळेपुरती नाही.

आमचे आप्पा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. सौद्याच्या वेळी गुळाच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे ढीग, हमालांचा गलका, आणि त्यात आप्पा पेन्सिल कानावर लावून उभे, असं चित्र लहानपणापासून डोळ्यांत आहे. त्यांना इंग्रजीची अक्षरं लागायची, वाक्य लागत नसे. मला इंग्रजी शाळेत घातलं ते त्यांच्या शेटच्या मुली तिथं जात म्हणून. घरात आम्ही सगळ्या बायका-मुली 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणणाऱ्या. कोल्हापूरची पोरगी 'मी येतो' म्हणते तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक अजून हसतात. आमच्या घरी आजीपासून तेच होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शाळेतल्या दिवसाला एक घडी होती. असेंब्लीत डोळे मिटून प्रार्थना, मग नखं, केस, बुटांची तपासणी. शनिवारी पांढरा गणवेश आणि हाऊसच्या रंगाचा पट्टा. हे सगळीकडेच असतं, त्याबद्दल फार सांगत नाही. सांगायचं आहे ते 'करेक्शन'बद्दल. वहीत शब्द चुकला की सिस्टर लाल शाईनं त्याच्याखाली नुसती रेघ ओढत. बरोबर शब्द लिहून देत नसत. तो आपण शोधायचा, पाच वेळा लिहायचा आणि वही पुन्हा टेबलावर ठेवायची. मग त्या ती वही पुन्हा बघत. वर्गात आम्ही पन्नासच्या वर पोरं. म्हणजे एका निबंधासाठी शंभरावर वेळा वही उघडायची, आणि तीही संध्याकाळची प्रार्थना आटोपून, कॉन्व्हेंटच्या खोलीत बसून. एकदा माझ्या वहीच्या पानावर मेणाचा थेंब सापडला. त्या रात्री वीज गेली होती. मी तो थेंब नखानं काढला नाही. वर्ष संपेपर्यंत तो तिथंच होता, आणि वही चाळताना बोट दरवेळी त्याच्यावर थांबायचं.

आपली चूक कुणीतरी दुसऱ्यांदा बघणार आहे, हे माहीत असलं की मूल पहिल्यांदाच नीट बघायला शिकतं. मला आज जे काही लिहिता-वाचता येतं त्याचं मूळ तिथं आहे.

आता दंडाचं. शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला की एक रुपया. मॉनिटरकडे पत्र्याचा डबा असे, झाकणाला चीर पाडलेला. मॉनिटर मुलं इमानदार असत. खेळताना पडून 'आई गं' म्हटलं तरी नाव लिहिलं जाई. इंग्रजी सुधारावं म्हणून हे होतं, सिस्टरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही ते चूकच होतं, असं मी आज ठामपणे म्हणते. पैशापेक्षा जास्त घेतलं जात होतं ते असं, की मधल्या सुट्टीत काही मुलं बोलतच नाहीशी झाली. इंग्रजी येत नाही आणि मराठीला रुपया पडतो, मग गप्प बसणं सगळ्यांत स्वस्त.

याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. इतिहासाच्या तासाला हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात तो पत्र्याचा डबाच आला. तो रुपया पोराला घरातून शाळेत आणण्यासाठी होता. आमचा रुपया घराला शाळेबाहेर ठेवण्यासाठी होता.

या सगळ्यात माझ्या बाकावरची मैत्रीण वेगळी. वर्गात कॅथलिक मुलं मोजून तीन, त्यातली ती एक. आठवड्यातून दोनदा तास बदलला की ती तिघं उठून कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जात आणि आम्ही उरलेले मॉरल सायन्सला बसत असू. त्या रिकाम्या जागेकडे बघून मला वाटायचं, ही आता तिकडं इंग्रजीत देवाशी बोलत असणार. मग एकदा तिच्या घरी गेले. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स, माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं. भिंतीवर येशूचं चित्र, त्याच्याखाली कॅलेंडर, चुलीवर नव्हे पण गॅसवर भाजलेली बाजरीची भाकरी, आणि आजीच्या तोंडी असली ठसठशीत मराठी की माझीच जीभ अडखळली. आजी दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायची. माउली म्हणजे मारिया. "माउलीला नवस बोलले होते," असं आजी म्हणाली, ते अगदी आमची आजी जोतिबाला बोलल्यासारखं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तीही मराठीत. १९६२ ते ६५ या काळात व्हॅटिकनला धर्मसभा भरली, तिच्यानंतर लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषांत उपासना सुरू झाली, हे मी पुढं वाचलं. तेव्हा एवढंच कळलं, की आमच्या वर्गात सगळ्यांत चांगलं मराठी बोलणारी मुलगी ख्रिस्ती आहे आणि डब्यात रुपया टाकण्यात तिचा नंबर वरचा आहे.

मोठेपणी फादर स्टीफन्सबद्दल वाचलं. हा जेझुइट संघाचा इंग्रज फादर गोव्यात साष्टीला राहिला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. आपल्या संतांच्या ओव्या कानात घोळवल्याशिवाय अशी रचना होत नाही. कुणाला काही सांगायचं तर आधी त्याची भाषा कमवायला हवी, हे त्या माणसाला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. हे वाचून मला मनापासून दुःख झालं. आमच्या शाळेच्या घरातच एवढी मोठी ठेव होती, आणि तिचं नावसुद्धा दहा वर्षांत कुणी आमच्या कानावर घातलं नाही.

पण याच शाळेत एक पावसाळा असा गेला की दंडाचा डबा महिनाभर कपाटावर धूळ खात पडला.

२००५ चा जुलै. आम्ही नववीत. भूगोलाला नव्या सिस्टर आल्या होत्या, मंगळूरकडच्या. उंच, चष्मा, बोलणं हळू. पहिल्याच आठवड्यात पावसानं धार धरली आणि सगळ्या कोल्हापुरात होतं तेच वर्गात सुरू झालं: पंचगंगेला पाणी किती? आमच्याकडं पावसाळ्यात माणूस भेटला की 'जेवलासा काय'च्या आधी हे विचारतो. पाणी गायकवाड वाड्यापर्यंत आलं का, जामदार क्लबपाशी आलं का, यावरून घरातली जुनी माणसं अंदाज बांधतात. सिस्टरांनी हे ऐकलं आणि विचारलं, "पण हे मोजतं कोण? कुठं?"

कुणीतरी म्हणालं, राजाराम बंधाऱ्यावर. "कुठं छापून येतं?" पेपरात. "कुठल्या पेपरात?" मराठी. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मला मराठी वाचायला फार कमी येतं. उद्यापासून तुम्ही वाचून दाखवायचं."

दुसऱ्या दिवसापासून फळ्याचा उजवा कोपरा नदीचा झाला. रोज एकानं घरचा पेपर आणायचा, पाणीपातळीची बातमी मोठ्यानं वाचायची, फूट आणि इंच कोपऱ्यात लिहायचे. मागच्या भिंतीवर आलेख-कागद एकाला एक चिकटवून पट्टी केली होती. आडवी तारीख, उभे फूट. त्यावर सिस्टरांनी दोन रेघा आखल्या: ३९ फुटांवर पिवळी, इशारा पातळी, ४३ फुटांवर लाल, धोका पातळी. इंचांचं काय करायचं यावर एक पूर्ण तास गेला. बारा इंचांचा फूट आणि दहा घरांचा आलेख, मेळ बसेना. दशांशात बदलायला आम्ही पाचवीतच शिकलो होतो. पण ते का शिकायचं असतं हे त्या तासाला कळलं. आपण टिंब चुकीच्या घरात दिलं तर नदी खोटी ठरते, असं सिस्टर म्हणायच्या.

बातम्या वाचता वाचता 'क्युसेक' आलं, 'विसर्ग' आला, 'टीएमसी' आलं, आणि राधानगरी आली. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवरचं, हे आम्हाला पाठ होतं. सिस्टरांनी विचारलं, "पेपरात लिहिलं आहे, दरवाजे स्वयंचलित आहेत. म्हणजे विजेवर चालतात?"

वर्गात शांतता. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. भोगावतीकाठच्या गावचा, रोज एसटीनं यायचा. डब्यात सगळ्यांत जास्त रुपये त्याचेच असतील. तो इंग्रजीत सुरू झाला, दोन शब्दांत अडकला, पुन्हा सुरू झाला, आणि खाली बसू लागला. सिस्टर म्हणाल्या, "बसू नकोस. मराठीत सांग. मी ऐकते."

मग त्यानं सांगितलं. वीज नाही, माणूस नाही. धरण भरून पाणी ठरल्या उंचीला टेकलं की दरवाजा पाण्याच्याच जोरावर उघडतो, आणि पाणी उतरलं की मिटतो. असे सात दरवाजे. त्याच्या चुलत्यांनी त्याला जवळून दाखवले होते. उघडताना आवाज कसा येतो, मग नदीचा रंग कसा पालटतो, काठावरच्या मोटारी लोक कशा रातोरात वर ओढतात, हे सगळं तो हातवारे करत सांगत होता. 'मोटारी' म्हणजे गाड्या नव्हेत, शेतीपंप, हे आम्ही सिस्टरांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. तो बोलत होता आणि शिक्षिका लिहून घेत होती! इतक्या वर्षांत असं काही आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच तासाला हिशोब पडला. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट. सातही उघडले तर ९९९६. दिवसाचे सेकंद ८६,४००. तर चोवीस तासांत किती पाणी? घरी जाऊन करून आणायचं.

मी रात्री कागद घेऊन बसले. गुणाकार लांबत चाललेला, हातचे चुकलेले. आप्पा जेवून पान लावत होते. "काय मांडलंयस एवढं?" मी सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "दहा हजारच धर की. शहाऐंशी कोटी चाळीस लाख. चार जादा धरलास, तेवढे दिवसाचे वजा कर." चार गुणिले ८६,४००, म्हणजे ३ लाख ४५ हजार ६००. उत्तर ८६ कोटी ३६ लाख ५४ हजार ४०० घनफूट. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणजे सात दरवाज्यांनी एक टीएमसी सोडायला एक दिवस पुरत नाही, आणि एकट्या दरवाज्याला आठ दिवस लागतात. आप्पांचं पान अजून लावून व्हायचं होतं.

सिस्टरांना मी खरं ते सांगितलं, की रीत माझी नाही, आप्पांची. त्यांनी डायरीत चिठ्ठी दिली, आप्पांना शनिवारी शाळेत बोलावलं. आप्पा घाबरले. पोरीनं काय केलं म्हणून आईही घाबरली. इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून ते आले आणि वर्गाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. देवळात, दुकानात गादीवर आणि शाळेत चपला बाहेर, ही त्यांची पद्धत. सिस्टरांनी त्यांना फळ्यापाशी नेलं, खडू हातात दिला आणि आम्हाला म्हणाल्या, "हे आज शिकवतील. तुम्ही मला इंग्रजीत सांगायचं."

आप्पांनी आम्हाला औटकी सांगितली. औट म्हणजे साडेतीन, साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे त्यांना लहानपणी गावच्या शाळेत पाठ करून घेतले होते, आणि त्यावरच त्यांचा अडतीचा जन्म गेला होता. मुलं भाव विचारत: सात मण, साडेतीन रुपये? "साडेचोवीस." अकरा? "साडेअडतीस." तेरा? "साडेपंचेचाळीस." वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा कागदावर मांडेपर्यंत आप्पा पुढच्या आकड्याकडं वळलेले असत. पुढं सिस्टरांनीच विचारलं, की अपूर्णांकांना स्वतःचं नाव का दिलं असेल? साडेतीनला 'औट' असा वेगळा शब्द का? आप्पा म्हणाले, "रोज लागतंय त्याला नाव पडतंय, बाई." ते त्यांना 'सिस्टर' म्हणत नव्हते, शिक्षिकेला 'बाई'च म्हणत होते. सिस्टरांनी तेही वाक्य लिहून घेतलं.

घरी परतताना मला त्यांचा हात धरावासा वाटला. नववीतली मुलगी रस्त्यात बापाचा हात धरत नाही. पण मी धरला, पार महाद्वारापर्यंत.

जुलैच्या शेवटी आलेखाची रेघ लाल रेषेच्या वर गेली आणि शाळा बंद झाली. शहरात पाणी शिरलं. पुन्हा वर्ग भरले तेव्हा प्रत्येकानं मधल्या दिवसांची कात्रणं आणली होती, न सांगता. मुलांच्यात राग होता: कर्नाटकानं कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं पाणी सोडलं नाही म्हणून आपण बुडालो. एकानं हे सरळ सिस्टरांच्या तोंडावर म्हटलं, कारण त्या कर्नाटकातल्या. त्यांनी नकाशा उलगडला. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते तिथपासून अलमट्टीपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "खरं असेल. खोटं असेल. हे ठरवायला तुम्हाला काय काय माहीत असायला हवं, ते लिहा." आम्ही लिहिलं: अंतर किती, उतार किती, कुठल्या दिवशी अलमट्टीत पाणी किती होतं, किती सोडलं, मधल्या पुलांनी किती अडवलं, नदीकाठी किती बांधलं. अकरा प्रश्न झाले. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. तो वाद आजही चालू आहे. तो पेटला की मी पहिल्यांदा ते अकरा प्रश्न मनात चाळते.

त्याच दिवशी कुणीतरी विचारलं, सिस्टर, तुमच्या घरी नदीला काय म्हणतात? त्या कोकणी बोलणाऱ्या. शिकल्या कानडी लिपीत. फळ्यावर आधी कानडी अक्षरं उमटली, मग त्यांनी बावरत देवनागरीत लिहिलं: न्हंय. आणि पाण्याला उदक. "उदक आमच्याकडं पण हाय की!" मागून आवाज आला. "आमच्या घरात उदकशांत झाली!" माझी नगरवाली मैत्रीण म्हणाली, तिच्या आजीच्या प्रार्थनेतही उदक आहे. त्या तासाला कुणी काय शिकवलं, कोण शिकलं, हे वेगळं काढता येणार नाही.

पूर ओसरल्यावर दंडाचा डबा उघडला. दोनशे चौदा रुपये. सिस्टरांनी त्याच्या वह्या आणि पेन्सिली आणल्या आणि पुरानं ज्यांचं सगळं नेलं होतं त्या पोरांसाठी दिल्या. डबा पुन्हा ठेवला गेला नाही, निदान त्या असेपर्यंत.

डिसेंबरात नाताळचा गोठा सजवायचा होता. त्या भोगावतीकाठच्या मुलानं घरून भाताचं पिंजर आणलं, पोतंभर. बाजारातल्या प्लास्टिकच्या गाई-बैलांना कुणी हातही लावला नाही. कारण दुसऱ्या एकीनं बेंदराचे मातीचे बैल आणले होते, जूनपासून माळ्यावर जपलेले, शिंगांना अजून हिंगूळ लागलेलं. येशूबाळ पिंजरात आणि शेजारी आमच्या कुंभारवाड्यातले दोन बैल. मी पुष्कळ चर्चांमधले गोठे पाहिले, त्याच्याइतका खरा मला कुठलाच वाटला नाही.

मे महिन्यात सिस्टरांची बदली झाली. त्यांच्यात तसंच असतं, वरून पत्र आलं की ट्रंक उचलायची. आणि त्याच मे महिन्यात, निकालादिवशी, त्या मुलाला दाखला देण्यात आला. नववीत दोन विषयांत नापास. नापासाला वर्ष पुन्हा करू देता आलं असतं; पण ऑफिसात त्याच्या वडिलांना सांगितलं गेलं, की दुसऱ्या शाळेत घाला, दहावीला घेता येणार नाही. असे आमच्या तुकडीतून सहाजण गेले. पुढच्या वर्षी आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. फाटकावर फलक लागला, त्यावर माझाही फोटो होता. पेढे वाटले. त्या शंभरात ती सहा मुलं मोजलीच नव्हती.

ही माझी तक्रार. दंडाच्या डब्याबद्दल मी समजून घेऊ शकते, तो अडाणीपणा होता. हे समजून-उमजून केलेलं होतं, आणि आजही ठिकठिकाणी होतं. कॅथलिक शाळांत होतं तसं आपल्या संस्थांच्या नामवंत हायस्कुलांतही होतं. पण ज्या शाळेच्या प्रार्थनेत रोज सकाळी हरवलेल्या एका मेंढरासाठी मागं फिरणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट यायची, तिच्याकडून मला जास्त अपेक्षा होती आणि आहे.

घटनेच्या ३०व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क दिला आहे, आणि तो असायलाच हवा. माझ्या मैत्रिणीच्या आजीसारख्या माणसांचं जगणं त्यानं राखलं जातं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागाही अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. कायद्याचं बोलणं तिथं संपतं. पण शाळा कोल्हापुरात आहे. इथं १९०२ साली एका राजानं मागासलेल्यांना निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य आणि ख्रिस्ती मुलांनासुद्धा वसतिगृहं काढून दिली. कुणी भाग पाडलं नाही म्हणून दार उघडायचं नाही, ही या गावची रीत नव्हे.

मावसबहिणीला मी परत फोन केला. म्हटलं, इंग्रजी होईल, ती काळजी करू नकोस. पण चौकशीला जाशील तेव्हा दोन गोष्टी विचार. शिक्षक वही दुसऱ्यांदा बघतात का? आणि नववीतून दरवर्षी किती पोरं दाखला घेऊन जातात? ती म्हणाली, "असलं कसं विचारायचं गं? ॲडमिशन देतील व्हय मग?" मी म्हटलं, मी येते बरोबर.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दाखला घेऊन गेलेल्यांपैकी तिघांना कुणीतरी त्यात घेतलं, चांगलं केलं. भोगावतीकाठचा तो आता ऊस करतो. पावसाळ्यात रोज सकाळी सातच्या आत त्याचा मेसेज येतो: राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, कुठले बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे किती दरवाजे. बाकी वर्षभर तो ग्रुपवर काही बोलत नाही.

सिस्टर आता निवृत्त आहेत, मंगळूरजवळच्या कॉन्व्हेंटात. डोळे अधू झालेत. पावसाळा लागला की मी त्यांना फोन करते आणि त्याचा मेसेज वाचून दाखवते, मराठीतच. या जुलैत एका सकाळी वाचत होते: "राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे पहाटे उघडले..."

"दोन?" त्या म्हणाल्या. पलीकडं थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. "म्हणजे दोन हजार आठशे छप्पन्न. त्याला सांग, मोटारी वर घे."